तिच्या घरच्यांनाही आत बोलवा

टेक्सासच्या सीमाभागात प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मॅकॅलन, हार्लिन्जन, ब्राउन्सव्हिल आणि पश्चिमेला रिओ ग्रांडे सिटीपर्यंतच्या या पट्ट्यात भारतीय डॉक्टर बरेच आहेत. तुमच्यातले काही जण जे-1, म्हणजे प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या व्हिसाच्या सवलतीमुळे इथे आलात. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात 3 वर्षं काम करायची अट होती, ती पुरी झाली आणि तुम्ही इथलेच झालात. मी याच भागात आहारतज्ज्ञ आहे, मधुमेहाच्या रुग्णांना शिकवायचं काम करते. आपल्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक मेक्सिकन वंशाच्या. तुम्ही त्यांना तपासता, औषध लिहून देता आणि 'आहाराचं या ताई समजावतील' म्हणून माझ्याकडे पाठवता. तुमच्या खोलीत जे बोलायचं राहून जातं, ते बऱ्याचदा माझ्या टेबलाशी बोललं जातं. त्यातलं थोडं तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

मागणं एकच आहे. या बाईला एकटीला तपासून, एकटीला समजावून परत पाठवू नका. तिची हरकत नसेल तर तिच्या नवऱ्याला, मुलीला, सुनेला, जो कोणी बाहेर गाडीत किंवा खुर्चीत बसला असेल त्याला आत बोलवा. तिच्या साखरेचे निम्मे निर्णय तिच्या हातात नसतात. ते घेणारी माणसं बाहेर बसलेली असतात आणि त्यांच्याशी कोणीही बोलत नाही.

आकडे तुम्हाला ठाऊक आहेत, तरी थोडक्यात मांडते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, अंदाजानुसार या देशातल्या प्रौढ माणसाला आयुष्यात कधीतरी टाइप 2 मधुमेह होण्याची शक्यता 40 टक्के आहे. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, प्रौढांत ती 50 टक्क्यांहून जास्त आहे, आणि त्यांना तो लवकरच्या वयात गाठतो. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो या 4 ठिकाणच्या 16,000 हून जास्त लॅटिनो प्रौढांची 2008 ते 2011 या काळात तपासणी झाली. मेक्सिकन वंशाच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपास निघालं, दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत 10 च्या आसपास. म्हणजे 'लॅटिना' हा एकच गठ्ठा नाही. क्यूबन बाईचं ताट वेगळं, पोर्तो रिकोच्या बाईचं वेगळं. मी जे लिहिते आहे ते सीमेवरच्या मेक्सिकन घरांबद्दल, कारण मला तीच घरं माहीत आहेत.

जनुकांचा वाटा मोठा आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या स्टार काउंटीत 1981 पासून त्याचाच अभ्यास चालू आहे. पण जनुकं बदलायचं औषध तुमच्याही कपाटात नाही आणि माझ्याही. जे बदलता येतं ते स्वयंपाकघरात आहे, आणि तिथे तिची सत्ता आपण समजतो तेवढी नसते.

एक वही सांगते. ओळख पटू नये म्हणून बाईचे तपशील बदलले आहेत, वहीचे नाहीत. बाई पन्नाशी ओलांडलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. नवरा बांधकामावर. घरात नवऱ्याची आई, नवऱ्यापासून वेगळी झालेली मुलगी आणि तिची दोन मुलं. साखरेची वही नातीच्या अक्षरात लिहिलेली, कारण आजीला चष्म्याशिवाय मशीनवरचा आकडा दिसत नाही. नात रोज सकाळी शाळेत जायच्या आधी आकडा लिहायची, शेजारी कधी फूल काढायची, आकडा मोठा असला की रडका चेहरा. वही नेटकी होती, फक्त रविवारचे रकाने सगळे कोरे. मी विचारलं तेव्हा बाई आधी म्हणाली, विसरते. थोड्या वेळाने म्हणाली, रविवारी सगळी येतात. दोन मुलगे, सुना, त्यांची पोरं, कधी दीर. सकाळपासून अंगणात मेस्कीटच्या लाकडावर मांस भाजायला लागतं. मी बोटात सुई टोचायला घेतली की सासूबाई तोंड फिरवतात, मुलगे गप्प होतात, सगळ्यांची जेवणावरची वासना उडते. एक दिवस कशाला त्यांचा खराब करू?

रविवारी ती गोळीही घेत नव्हती. मेटफॉर्मिनने पोटात कळ येते, पाहुण्यांपुढे सारखं आत-बाहेर कसं करायचं, म्हणून. तिच्या फाइलवर इंग्रजीत शेरा होता, 'सूचना पाळत नाही'. आठवड्यातले सहा दिवस ती बाई सगळ्या सूचना पाळत होती. सातव्या दिवशी ती घर पाळत होती.

हा शेरा मी कितीतरी फायलींवर वाचते. तो लिहिण्याआधी एक प्रश्न विचाराल का? 'घरात किती जणांसाठी रांधता आणि त्यांतलं कोण काय खात नाही?' एवढाच. उत्तर ऐकायला पाच मिनिटं पुरतात. त्या पाच मिनिटांत तुम्हाला कळेल की मी दिलेला आहाराचा तक्ता फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे, तिने तो मनापासून करूनही पाहिला आहे, आणि तो का चालला नाही.

तो बहुतेक असा मोडतो. पहिल्या आठवड्यात ती फ्रिहोलेस, म्हणजे त्यांच्या रोजच्या शेंगदाण्याएवढ्या तपकिरी घेवड्याची उसळ म्हणा, डुकराच्या चरबीऐवजी थोड्या तेलात घोटते. मैद्याच्या तोर्तियांऐवजी, म्हणजे त्यांच्या पोळ्यांऐवजी, मक्याच्या करते. भाताचं पातेलं लहान घेते, बाजूला नोपाल म्हणजे निवडुंगाच्या पानांची भाजी टाकते. नवरा पहिला घास घेतो आणि म्हणतो, 'हे आजाऱ्याचं जेवण आहे.' दिवसभर उन्हात छतावर काम करून आलेला माणूस आहे, त्याला भूक आहे, त्याला दुष्ट म्हणता येत नाही. मुलं ताट सरकवतात आणि फोनवरून पिझ्झा मागवतात. पिझ्झ्याचे पैसे तिच्याच आठवड्याच्या हिशेबातून जातात. दुसऱ्या आठवड्यात ती दोन स्वयंपाक करते, त्यांचा एक आणि स्वतःचा एक. तिसऱ्या आठवड्यात दमते, आणि मग स्वतःचा जो असतो तो बंद होतो. शेवटी सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेलं उभ्या उभ्या खाते. ते किती खाल्लं, त्याची नोंद कुठल्याही तक्त्यात होत नाही.

आणि नाही म्हणणं ही तिथे साधी गोष्ट नसते. सासूने केलेले तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेले उंडे, नाकारणं म्हणजे सासूला नाकारणं. नाताळात बायका जमून दिवसभर ते वळतात, वाफवतात, डझनाच्या हिशेबाने घरोघर वाटतात. नातीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा, किन्सेआन्येरा, लग्नासारखा होतो. त्यात आजीने केक बाजूला ठेवला तर पाहणारे विचारतात, काही बिनसलंय का. आपल्याकडे हळदीकुंकवाला गेलेली बाई तिळाचा लाडू परत करू शकते का, हे तुम्ही आपापल्या आईला विचारा. माझी आई नाही करू शकत.

हे झालं खाण्याचं. ताणाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या तपासणीत तो जवळजवळ नसतोच.

ताणाने साखर कशी चढते हे तुम्ही शिकला आहात. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. बाईने रात्री काहीही खाल्लेलं नसतं, तरी सकाळी उपाशीपोटी आकडा 240. आपण विचारतो, रात्री काय खाल्लं? ती म्हणते, काही नाही. आपण मनात म्हणतो, खोटं बोलते. तिला ते आपल्या चेहऱ्यावर दिसतं. रात्री काय झालं, हे कोणी विचारत नाही.

रात्री मुलगा घरी आला नव्हता. किंवा ज्याच्याकडे या देशात राहायचे कागद नाहीत त्या जावयाला कामावरून येताना कोणी अडवलं का, या काळजीत ती फोन हातात धरून बसली होती. इथल्या कित्येक घरांत एकाच टेबलावर नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि बिनकागदांचे अशी तिन्ही माणसं जेवायला बसतात. 2024 च्या नोव्हेंबरपासून राज्यपालांच्या आदेशाने टेक्सासमधल्या रुग्णालयांना रुग्णाची इमिग्रेशनची स्थिती विचारावी लागते. उत्तर द्यायचं बंधन रुग्णावर नाही, पण हे तिला कोण सांगणार? तुम्ही सॅन अँटोनियोच्या तज्ज्ञाकडे पाठवता. तिकडे जायचा रस्ता फालफुरियासच्या तपासणी नाक्यावरून जातो, आणि जिच्याकडे कागद नाहीत तिच्यासाठी तो नाका म्हणजे देशाची दुसरी सीमाच. तारीख चुकली की फाइलवर परत शेरा पडतो.

टेक्सासने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा, विस्तार केलेला नाही आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण सगळ्या राज्यांत इथेच सर्वात जास्त आहे. म्हणून घरात औषधांचीही वाटणी होते. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे नवऱ्यालाही मधुमेह आहे आणि साखर तपासायच्या पट्ट्यांची एकच डबी दोघांत चालते. नवरा कमावतो म्हणून आधी त्याची तपासणी होते. तिची पाळी आली तर आली.

वर सेवा तिचीच. डायलिसिसवर असलेल्या आईला आठवड्यातून तीनदा नेणं-आणणं, नातवंडं सांभाळणं, नवऱ्याचा डबा भरणं. स्वतःच्या दुखण्याला शेवटची जागा देणं हे तिला चांगल्या बाईचं लक्षण म्हणून लहानपणापासून शिकवलेलं आहे. आपल्याला हे परकं नाही. 'अंगावर काढणं' कशाला म्हणतात हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तिला विचारलंत की मधुमेह कशाने झाला, तर पुष्कळ जणी सांगतील, सुस्तो. म्हणजे दचकणं, मोठा धसका. अपघात पाहिला, भाऊ गेल्याची बातमी अचानक कळली, आणि त्यानंतर साखर निघाली. कोणी कोराहे म्हणते, आत दाबून ठेवलेला संताप. काही डॉक्टर हे ऐकून हसतात. माझी विनंती आहे, हसू नका. निदानाच्या आधी काय घडलं हे ती तुम्हाला सांगते आहे. धसका हे मधुमेहाचं मूळ कारण नाही, हे सांगायला हरकत नाही, पण आधी तो धसका कसला होता ते ऐकून घ्या. बहुतेक वेळा तो संपलेला नसतो, घरातच असतो आणि रोज साखर चढवत असतो.

इन्सुलिनचंही असंच. तुम्ही इन्सुलिन लिहून देता आणि ती पुढचे चार महिने येत नाही. कारण तिच्या आईला इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षभरात आईची दृष्टी गेली. मावशीचा पाय कापला, तोही इन्सुलिन सुरू झाल्यावर. घरातल्या आठवणीत क्रम एवढाच आहे: आधी सुई, मग आंधळेपण. इन्सुलिन फार उशिरा सुरू झालं आणि डोळ्याचं नुकसान त्याआधीच होऊन गेलं होतं, हे त्या घराला कोणी कधी समजावलेलं नाही. आणि हे एकट्या तिला समजावून भागत नाही. ती घरी जाते, सांगते, आणि तिची मोठी बहीण तिला आईची आठवण करून देते. तुमच्या शब्दापेक्षा बहिणीच्या शब्दाला वजन आहे. मग बहिणीलाच समोर बसवून सांगितलेलं काय वाईट?

तुम्ही म्हणाल, घरची माणसं मदत करतातच की. करतात, आणि कधीकधी त्यानेच घात होतो. नवऱ्याने ताटातली तोर्तिया सगळ्यांसमोर उचलून घेणं, मुलीने 'ममी, तुला डॉक्टर काय म्हणाले?' असं पाहुण्यांपुढे विचारणं, मुलाने शेजाऱ्याच्या तुटलेल्या पायाचा दाखला देणं. त्यांच्या लेखी हे प्रेम. तिच्या लेखी पहारा. मग ती गाडीत बसून पान दुल्से, म्हणजे त्यांचा गोड पाव, खाते आणि पिशवी पेट्रोल पंपावरच्या कचऱ्यात टाकून घरी येते. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये टाइप 2 च्या रुग्णांविषयी लिहिलं, आणि ते फक्त लॅटिनांपुरतं नव्हतं: ज्या घरच्यांना मधुमेहाची जास्त माहिती असते ते जास्त मदत करतात आणि आडकाठीही जास्त करतात. जिथे आडकाठी जास्त, तिथे औषध घेण्यात कुचराई जास्त आणि एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, तोही चढा. म्हणजे घरच्यांना नुसतं माहितीपत्रक देऊन पाठवलं तर आपण पहारेकरी वाढवतो. काय बोलायचं नाही, हेही त्यांना शिकवावं लागतं.

हे माझ्याच मनचं नाही. स्टार काउंटीत, आपल्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, टेक्सास विद्यापीठाच्या शॅरन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकन-अमेरिकन रुग्णांसाठी शिक्षणाचा कार्यक्रम चालवला. 256 माणसं, वर्षभरात 52 तास. शिकवणाऱ्या परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि वस्तीतल्या कार्यकर्त्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या, त्याच समाजातल्या. रुग्णाबरोबर घरचं किंवा ओळखीचं एक माणूस, नवरा, बहीण, मैत्रीण, कोणीही. 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: 6 महिन्यांनी या गटाचा एचबीए1सी तोवर कार्यक्रम न मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 1.4 ने कमी. तरीही तो 10 च्या वरच होता, हेही सांगायला हवं. एवढ्या वरून सुरुवात झाली होती. पुढे त्यांनी 52 तासांची तुलना 22 तासांच्या आटोपशीर कार्यक्रमाशी केली. निम्म्याहून अधिक बैठकांना आलेल्यांत वर्षाअखेर मोठ्या कार्यक्रमाने एचबीए1सी 1.7 ने उतरला, छोट्याने 0.6 ने. तासांना मोल आहे. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वयस्करांसाठीचा सरकारी विमा, पहिल्या वर्षी या शिक्षणाचे 10 तास देतं आणि नंतर दर वर्षी 2. आपल्या बहुतेक बायकांना तर मेडिकेअरचं वयही झालेलं नाही.

डेन्व्हरमध्ये टाइप 2 असलेल्या 280 लॅटिना बायकांसाठी 'व्हीव्हा ब्येन' नावाचा कार्यक्रम झाला. त्यात भूमध्य सागराकडचा आहार त्यांच्या ताटाला जुळवून घेतला होता, व्यायाम होता, ताण हलका करायच्या पद्धती होत्या, आणि घरच्यांना बोलावलेल्या खास संध्याकाळी होत्या. मला त्यातली सगळ्यात पटलेली गोष्ट ही की ताण हा विषय आहाराच्या शेपटाला बांधलेला नव्हता, त्याला स्वतःचा वेळ दिलेला होता.

माझ्या स्वतःच्या वर्गात जे बदललं ते घरच्यांना काम दिल्यावर. 'आईला सांभाळा' हे काम होत नाही. 'रविवारी भाजायच्या जाळीवर अर्धी जागा कांदा, ढोबळी मिरची आणि नोपालची, आणि ती जबाबदारी थोरल्याची' हे काम होतं. 'गोड सोड्याच्या बाटल्या घरात आणायच्या नाहीत, बाहेर प्यायचं ते प्या' हे नवऱ्याचं काम. रात्री जेवणानंतर वस्तीच्या कडेने आईबरोबर चालायचं हे मुलीचं. वस्तीत पदपथ नाही, दिवे नाहीत, भटकी कुत्री आहेत, बाई एकटी जाणार नाही. मुलगी बरोबर असली तर जाते, आणि त्या चालण्यात दोघींचं असं बोलणं होतं जे घरात होत नाही. वहीवाल्या बाईच्या मुलाला मी एकच सांगितलं: रविवारी आईने मशीन काढलं की गप्प बसू नका, बोलत राहा. त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. त्याचा आकडा पाहून तोच आठवडाभरात तपासणीला आला.

या समाजात कुटुंबावरची निष्ठा केवढी आहे, हे तुम्ही रोज पाहता. एका बाईच्या तपासणीला चार माणसं कामाची रजा टाकून येतात. आपण त्यांना बाहेर टीव्हीसमोर बसवून ठेवतो. हे बळ आहे, आणि ते वापरायचं की वाया घालवायचं हे दरवाजापाशी ठरतं.

आता तुमच्या अडचणी. वेळ नाही, हे मला मान्य आहे. दर रुग्णामागे मिळणारी मिनिटं तुम्ही ठरवत नाही. म्हणून मी प्रत्येक भेटीचं म्हणत नाही. निदान झालं तेव्हा, इन्सुलिन सुरू करताना, आणि एचबीए1सी दोन तपासण्यांत लागोपाठ चढला तर, अशा तीन वेळा घरचं माणूस आत असावं. गोपनीयतेचा प्रश्न खरा आहे. आधी तिला एकटीला विचारा, कोणाला बोलवायचं आणि कोणाला मुळीच नाही. एखाद्या घरात मार आहे, एखाद्या घरात नवऱ्याला निदानच सांगितलेलं नाही. तिने नाही म्हटलं तर विषय तिथेच थांबवायचा. ती हो म्हणाली तर कायदाही आड येत नाही. मात्र घरच्यांना बोलावणं म्हणजे बारा वर्षांच्या नातीला दुभाषी करणं नव्हे. आणीबाणी सोडून लहान मुलांकडून भाषांतर करून घेण्याला केंद्राच्या नियमांची मनाई आहे, आणि 'आजीचं मूत्रपिंड निकामी होतंय' हे वाक्य त्या पोरीच्या तोंडून आजीने ऐकावं असं तुम्हालाही वाटणार नाही. दुभाषी बोलवा, किंवा प्रोमोतोरांना बोलवा. वस्तीत राहणाऱ्या, घराघरांत ऊठबस असलेल्या या आरोग्य कार्यकर्त्या आपल्याकडच्या आशाताईंसारख्याच. टेक्सासमध्ये त्यांना राज्याचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळतं. कुठल्या घरात कोणाचा शब्द चालतो हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तुम्हालाच का लिहिते, हेही सांगते. सासूच्या हातचा घास, वाढलेलं ताट, सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी बाई, हे तुम्हाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे असं आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितलं. आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात त्यातलं कोणी ना कोणी आहे. आई-वडिलांच्या तपासणीला पुण्यात किंवा नाशिकला गेलात तर तुम्ही बाहेर बसता का? आत जाता, प्रश्न विचारता, रिपोर्ट हातात घेता. इथे तुमच्या खोलीबाहेर बसलेल्या मुलीलाही तेच हवं आहे.

फक्त एक सावधगिरी. आपलं आणि त्यांचं सारखं आहे असं धरून चालू नका. तुमच्या आईकडे विमा किंवा तुमचे पैसे आहेत, कागदांची भीती नाही. इथल्या बाईच्या ताणाचा मोठा हिस्सा त्या भीतीतून येतो, आणि तो 'आमच्याकडेही असंच असतं' म्हणून हलका होत नाही. विचारावं, ऐकावं, आणि तिने जे सांगितलं ते इमिग्रेशनच्या बाबतीत असेल तर फाइलवर लिहू नये.

माझ्याकडून मी एवढं देऊ शकते. महिन्यातून एक संध्याकाळ, सहानंतर, बांधकामावरची आणि फळांच्या पॅकिंग शेडमधली माणसं सुटल्यावर, आमच्या केंद्राचं स्वयंपाकघर मी उघडं ठेवते. तिथे घरचे रांधतात आणि बाई बसून खाते. तुमच्यापैकी एखादा डॉक्टर तिथे अर्धा तास आला, पांढरा कोट न घालता, आणि 'इन्सुलिनने डोळे जातात का' एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर बहिणींना, नवऱ्यांना, सासवांना समोरासमोर देऊन गेला, तर मला सहा महिने बोलून जे जमत नाही ते होईल. स्पॅनिश मोडकीतोडकी असली तरी चालेल, प्रोमोतोरा सांभाळून घेतील. आणि जे येऊ शकणार नाहीत त्यांनी निदान माझ्याकडे पाठवायच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ जास्त लिहावी: बरोबर कोणाला आणायचं. ते नाव तिला विचारूनच लिहा.

आपली,
रिओ ग्रांडेच्या खोऱ्यातली एक मराठी आहारतज्ज्ञ